म्हाताऱ्यांचा संघ

मंडळी, इतिहास म्हटलं की आपल्यासमोर गड, तह, सनावळ्या आणि राजे उभे राहतात. छत्तीस वर्षं मी शाळेत तेच शिकवलं आणि आनंदाने शिकवलं. निवृत्तीनंतर मात्र वाचनाला काही धरबंध राहिला नाही. गेली काही वर्षं मी एका भलत्याच इतिहासात गुंतलो आहे, आणि त्यावरून घरात माझी थट्टाही होते. तो इतिहास आहे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलचा, त्यातही बॉस्टन सेल्टिक्स या संघाचा, आणि खरं सांगायचं तर त्या संघाच्या एकाच मोसमाचा. १९६८-६९.

हा नाद लावला नातवाने. तो बॉस्टनजवळच वाढला, त्यामुळे तो हिरवा रंग त्याच्या अंगावर लहानपणापासून आहे. त्याने एकदा विचारलं, "आजोबा, बिल रसेल शेवटच्या वर्षी एका सामन्यात सरासरी दहा गुणसुद्धा करत नव्हता. मग त्याला एवढा मोठा खेळाडू का म्हणतात?" आता मास्तराला असा प्रश्न विचारायचा म्हणजे काय होणार! उत्तर शोधता शोधता मी पार बुडालो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी (म्हणजे आमच्या सौ.साठी) थोडक्यात सांगतो. प्रत्येक बाजूला पाच गडी, दहा फुटांवर लोखंडी कडं, त्यात चेंडू टाकायचा. एनबीए या तिकडच्या मुख्य स्पर्धेत बारा बारा मिनिटांचे चार डाव, म्हणजे ४८ मिनिटांचा खेळ. त्या काळी लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण हा नियम तिथे नव्हता, तो १९७९ साली आला. सहा फाउल झाले की गडी बाद. १९६८-६९ मध्ये एनबीएत १४ संघ होते आणि प्रत्येकाला ८२ सामने खेळायचे होते. त्यातून वर आलेले संघ मग बाद फेरीत एकमेकांशी सातपैकी चार जिंकण्याच्या बोलीवर भिडायचे. इतकं पुरे.

आता रसेल. जन्म १९३४ सालचा, लुइझियानातल्या मन्रो गावचा. तिकडचा दक्षिण भाग म्हणजे कृष्णवर्णीयांना पावलोपावली अपमान. आईवडील पोरांना घेऊन कॅलिफोर्नियात ओकलंडला गेले. पुढे सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या संघातून १९५५ आणि १९५६ अशी दोन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक, आणि त्याच डिसेंबरात तो सेल्टिक्सकडून खेळू लागला. तोवर सेल्टिक्सने एकदाही विजेतेपद मिळवलं नव्हतं. रसेल आला आणि पहिल्याच वर्षी, १९५७ मध्ये, ते मिळालं. नंतर १९५९ ते १९६६ अशी सलग आठ वर्षं मिळालं. कुठल्याही खेळात असं सलग आठ वर्षं जिंकणं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा.

हा माणूस करायचा काय? तर समोरच्याला गुण करू द्यायचा नाही. सहा फूट दहा इंच उंची, डावखुरा, आणि उडी अशी की समोरच्याने चेंडू हातातून सोडला की हा वरच्या वर अडवणार. पण खरी गंमत पुढेच आहे. बाकीचे खेळाडू चेंडू अडवताना जोरात थोबाडून प्रेक्षकांत पाठवायचे. टाळ्या पडायच्या, पण चेंडू पुन्हा प्रतिपक्षालाच. रसेल तो हलकेच टपलीने आपल्या सहकाऱ्याकडे वळवायचा, आणि समोरचे सावरायच्या आत सेल्टिक्स दुसऱ्या टोकाला गुण करून मोकळे! ते गुण लागायचे पळणाऱ्याच्या नावावर.

आणि अडवलेल्या चेंडूची नोंद? ती होतच नव्हती. एनबीएने अडवलेले फटके मोजायला सुरुवात केली १९७३-७४ च्या मोसमापासून, म्हणजे रसेल निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी. ज्या कामात हा माणूस जगात पहिला, त्या कामाचा रकानाच वहीत नव्हता. मी आयुष्यभर गुणपत्रिका भरल्या, त्यामुळे हे वाचून मी बराच वेळ थांबलो. आपल्या भाषेत 'गुण' शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही इथे लागू पडतात. नातवाला मी एवढंच सांगितलं की तू जे आकडे बघतोस ते फक्त लिहून ठेवलेले आकडे आहेत.

१९६६ मध्ये सेल्टिक्सचे प्रशिक्षक रेड आउरबाख यांनी बाकावरून उठायचं ठरवलं. ते व्यवस्थापक म्हणून राहिले आणि प्रशिक्षकपद दिलं रसेलला. एनबीएत कृष्णवर्णीय माणूस मुख्य प्रशिक्षक होण्याची ही पहिलीच वेळ. पत्रकार परिषदेत त्याला विचारलं गेलं की तू गोऱ्या खेळाडूंशी निःपक्षपातीपणे वागू शकशील का? त्याआधीच्या एकाही गोऱ्या प्रशिक्षकाला असा उलटा प्रश्न कुणी विचारला असेल, असं मला वाटत नाही. रसेलने शांतपणे हो म्हटलं.

बरं, प्रशिक्षक झाला म्हणून खेळणं सुटलं नाही. दोन्ही एकदम! मदतीला सहप्रशिक्षक वगैरे कुणी नाही. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी शाळा असतात ना, घंटाही तोच देणार, हजेरीही तोच घेणार, आणि साहेब तपासणीला आले की खुर्चीही तोच पुसणार, तसली ही नोकरी. मी अशा शाळांतले शिक्षक जवळून पाहिले आहेत, तेव्हा रसेलचा थकवा मला थोडाफार समजतो. पहिल्या वर्षी, १९६७ मध्ये, फिलाडेल्फियाने सेल्टिक्सला ४-१ असं हरवलं आणि ती आठ वर्षांची माळ तुटली. लोक म्हणाले, झालं, संपलं. १९६८ मध्ये त्याच फिलाडेल्फियाविरुद्ध ३-१ असे मागे असताना सेल्टिक्सने तीन सामने ओळीने जिंकले आणि पुढे विजेतेपदही. त्या मालिकेचा पहिला सामना होता ५ एप्रिल १९६८ ला. आदल्या संध्याकाळी मार्टिन ल्यूथर किंग यांची मेम्फिसमध्ये हत्या झाली होती. सामना खेळवला गेला, पण दोन्ही संघांतल्या खेळाडूंचं लक्ष त्यात नव्हतं.

तर आता आपला मोसम. १९६८ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाने विल्ट चेंबरलेनला घेतलं. सात फूट एक इंच, एका सामन्यात १०० गुण करण्याचा त्याचा १९६२ सालचा विक्रम आजही अबाधित आहे. लेकर्सकडे जेरी वेस्ट आणि एल्जिन बेलर आधीच होते. त्या काळातल्या सर्वोत्तम पाच खेळाडूंची यादी केली तर हे तिघे त्यात आले असते. मालक जॅक केंट कुक यांनी नवंकोरं फोरम हे स्टेडियम बांधलं होतं. सगळा थाट राजेशाही.

आणि बॉस्टनकडे काय? रसेल मोसमातच ३५ वर्षांचा झाला. सॅम जोन्स त्याच्याहून आठ महिन्यांनी मोठा, आणि हे आपलं शेवटचं वर्ष असं त्याने सांगून टाकलेलं. बेली हॉवेल बत्तिशीत. सॅच सँडर्स तिशीत. डॉन नेल्सन तर १९६५ साली लेकर्सनेच नको म्हणून सोडून दिलेला. एमेट ब्रायंट फिनिक्सच्या नव्या संघाने घेतलेला, तिथून तो इकडे आलेला. त्यातल्या त्यात पळणारा म्हणजे जॉन हॅव्लिचेक, तोही २८ वर्षांचा. ऑक्टोबरात मोसम सुरू झाला, त्याच महिन्यात मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी विजेत्यांच्या चौथऱ्यावर काळे हातमोजे घालून मुठी उगारल्या होत्या. अमेरिका सगळीच धुमसत होती आणि वर्तमानपत्रांच्या खेळाच्या पानावरही त्याची धग होती.

साखळीतली कामगिरी बेताची. ४८ विजय, ३४ पराभव. पूर्व विभागात बाल्टिमोर ५७, फिलाडेल्फिया ५५, न्यूयॉर्क ५४, आणि मग हे, चौथे. काठावर पास झालेल्या मुलासारखे बाद फेरीत शिरले. (हा ४८-३४ आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.)

बाद फेरीत मात्र काहीतरी झालं. फिलाडेल्फियाला ४-१. न्यूयॉर्कला ४-२. हे न्यूयॉर्क म्हणजे पुढच्याच वर्षी विजेता होणारा संघ, हे ध्यानात घ्या. रसेलने बाद फेरीत ४८ पैकी सरासरी ४६ मिनिटं मैदानावर काढली आणि दर सामन्याला वीसच्या वर रिबाउंड, म्हणजे कड्यावरून परत आलेले चेंडू, पकडले. पस्तिसाव्या वर्षी! शिवाय कुणाला उतरवायचं, कुणाला बसवायचं, विश्रांती कधी मागायची, हे सगळं धावता धावताच ठरवायचं.

अंतिम फेरीत समोर लेकर्स. या दोन संघांचं नातंच जुनं. १९५९ पासून सहा वेळा ते अंतिम फेरीत भेटले होते आणि सहाही वेळा सेल्टिक्स जिंकले होते. त्यातल्या पाच पराभवांत जेरी वेस्ट होता. वेस्टबद्दल मला फार जिव्हाळा आहे, ते आधीच सांगून टाकतो. वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणींच्या मुलखातला हा बारकेला, अबोल, स्वतःवरच सतत नाराज असणारा माणूस. पहिल्या सामन्यात त्याने एकट्याने ५३ गुण केले, लेकर्स १२०-११८ ने जिंकले. दुसऱ्या सामन्यात पुन्हा ४० च्या वर, लेकर्स ११८-११२. सेल्टिक्स ०-२ असे मागे.

इथे रसेलमधल्या प्रशिक्षकाने मत बदललं. तोवर वेस्टवर एकच गडी ठेवला होता, आता दोन ठेवले. बॉस्टनला तिसरा सामना १११-१०५ असा जिंकला.

चौथा सामना २९ एप्रिलचा. तो खरं तर वाईट सामना होता. दोन्हीकडून चुकाच चुका. शेवटच्या क्षणांत लेकर्स ८८-८७ असे एका गुणाने पुढे आणि चेंडूही त्यांच्याच हातात. तो सामना लेकर्स जिंकते तर मालिका ३-१, म्हणजे जवळपास खलासच. पण ब्रायंटने चेंडू हिसकावला, सेल्टिक्सचा एक प्रयत्न चुकला, चेंडू पुन्हा हाती आला आणि सात सेकंद उरले असताना त्यांनी थांबा मागितला. ठरलं असं की तिघांनी भिंतीसारखं उभं राहायचं आणि त्यांच्या आडून सॅम जोन्सने चेंडू टाकायचा. जोन्स वळला आणि पाय घसरला! तोल गेलेल्या अवस्थेत, चुकीच्या पायावर, त्याने चेंडू कसाबसा भिरकावला. चेंडू कड्यावर आदळला, उसळला आणि आत पडला. ८९-८८. वेळ संपली. पस्तीस वर्षांचा, दोन आठवड्यांत निवृत्त होणारा माणूस आणि हा फटका. नियती वगैरे शब्द मी मुलांना निबंधात लिहू देत नसे, पण इथे मीही जरा घुटमळतो.

पाचवा लेकर्सने घेतला, ११७-१०४, पण त्याच सामन्यात वेस्टच्या मांडीचा स्नायू दुखावला. सहावा बॉस्टनने घेतला, ९९-९०. सहापैकी सहाही सामने ज्याच्या त्याच्या घरच्या संघाने जिंकले होते आणि सातवा होता लेकर्सच्या घरी. ५ मे १९६९.

आता ते प्रसिद्ध फुगे. कुक मालकांनी फोरमच्या छताला जाळ्यांत भरून हजारो फुगे टांगले होते. खुर्च्याखुर्च्यांवर पत्रकं ठेवली होती: लेकर्स जिंकतील तेव्हा फुगे सुटतील, विद्यापीठाचा बँड वाजेल, मग कोणाकोणाच्या मुलाखती कुठल्या क्रमाने होतील... 'जिंकले तर' नाही बरं का, 'जिंकतील तेव्हा'! आपल्याकडे म्हणतात ना, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. यातलं एक पत्रक रसेलच्या हाती लागलं. त्याने ते आपल्या गड्यांना सांगितलं. निराळं भाषण करायची गरज उरली नसावी. वेस्टला ते फुगे पाहून संताप आला होता. त्याला ठाऊक होतं की समोर कोण आहे.

रसेलला महत्त्वाच्या सामन्याआधी हमखास उलटी व्हायची. बाहेर बसलेल्या सहकाऱ्यांना तो आवाज ऐकला की धीर यायचा म्हणे. एवढ्या विजेतेपदांनंतरही ही अवस्था. परीक्षेच्या दिवशी पोटात गोळा येणाऱ्या मुलांना मी हे नक्की सांगितलं असतं, तेव्हा ठाऊक असतं तर.

तीन डाव संपले तेव्हा सेल्टिक्स ९१-७६ असे पंधरा गुणांनी पुढे होते. मग म्हातारे थकले. सॅम जोन्स सहा फाउल होऊन बाहेर गेला, २४ गुण करून. त्याच्या कारकिर्दीतला शेवटचा खेळ बाकावर बसून पाहण्यात गेला. इकडे वेस्ट एका पायावर लंगडत खेळत होता आणि एकेक गुण परत आणत होता. त्यातच साधारण साडेपाच मिनिटं उरली असताना चेंबरलेन उडी मारून खाली आला तो गुडघा धरूनच. तो बाहेर गेला, त्याच्या जागी मेल काउंट्स आला. लेकर्स जवळ जवळ येत गेले. तीनएक मिनिटं राहिली तेव्हा धावफलक १०३-१०२. एका गुणाचं अंतर.

चेंबरलेनने बाकावरून सांगितलं, मी ठीक आहे, मला घ्या. प्रशिक्षक बुच व्हॅन ब्रेडा कोल्फ यांनी घेतलं नाही. तुझ्यावाचून आमचं नीट चाललंय, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. दोघांचं वर्षभर पटत नव्हतं, आणि ऐन घटकेला ते असं बाहेर पडलं. कोण बरोबर होतं यावर अमेरिकेत आजही वाद घालतात. माझं मत विचाराल तर वर्गातला सगळ्यात उंच मुलगा कितीही हट्टी असला तरी फळा पुसायचा असतो तेव्हा त्यालाच उठवावा.

दोन मिनिटांहून कमी वेळ. हॅव्लिचेकच्या हातातला चेंडू मागून लेकर्सच्या खेळाडूने उडवला. तो गेला थेट डॉन नेल्सनकडे, म्हणजे लेकर्सनेच टाकून दिलेल्या त्या गड्याकडे. घड्याळ संपत आलेलं, म्हणून त्याने मागचापुढचा विचार न करता चेंडू फेकला. तो कड्याच्या मागच्या बाजूला लागला, सरळ वर उडाला, दोन माणसं उंच गेला, आणि आल्या वाटेने खाली येऊन आत पडला. ही चित्रफीत मी कितीतरी वेळा पाहिली आहे. दर वेळी वाटतं आता बाहेर पडणार.

१०८-१०६. सेल्टिक्स विजेते. रसेलचं तेरा मोसमांतलं अकरावं विजेतेपद. त्या सामन्यात त्याचे गुण होते सहा. रिबाउंड २१. फुगे छतालाच राहिले.

वेस्टचे त्या दिवशी ४२ गुण, १३ रिबाउंड आणि १२ वेळा दुसऱ्याला गुण मिळवून देणारे पास. अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्या वर्षी पहिल्यांदाच ठेवला होता आणि तो त्याला मिळाला. हरलेल्या संघातल्या खेळाडूला हा पुरस्कार मिळाल्याचं ते एकमेव उदाहरण आहे. बक्षीस म्हणून मोटार मिळाली, तीही हिरव्या रंगाची, म्हणजे बॉस्टनच्याच रंगाची! याला काय म्हणावं? सामना संपल्यावर रसेल आणि हॅव्लिचेक दोघेही आपला जल्लोष सोडून वेस्टकडे गेले, हे मला त्या अकराव्या विजेतेपदाइतकंच मोलाचं वाटतं. वेस्टला १९७२ साली एकदा विजेतेपद मिळालं, पण ते जुने पराभव कधी भरून आले नाहीत हे त्याने म्हातारपणी आत्मचरित्रात लिहिलं. २०२४ च्या जूनमध्ये तो गेला.

चेंबरलेनच्या बाबतीत रसेल मात्र कठोर झाला. त्या उन्हाळ्यात तो जाहीरपणे म्हणाला की पाय किंवा पाठ मोडली असती तरच अशा सामन्यातून मी बाहेर गेलो असतो. दोघे आधी इतके मित्र की सणाला एकमेकांकडे जेवायला जात. या एका बोलण्यावरून वीसेक वर्षं अबोला! पुढे रसेलने माफी मागितली आणि मैत्र पुन्हा जुळलं, १९९९ मध्ये चेंबरलेन जाईपर्यंत टिकलं.

मग त्याच उन्हाळ्यात रसेलने निवृत्ती जाहीर केली. कशी? एका मासिकात लेख लिहून. ना निरोपाचा सामना, ना सत्कार, ना हार. करार शिल्लक होता, पैसा होता. तो बॉस्टन सोडून पश्चिमेला निघून गेला.

पुढच्या मोसमात सेल्टिक्सचं काय झालं? ३४ विजय, ४८ पराभव. मघाचा आकडा आठवा. बरोबर उलटा झाला. १९५० नंतर पहिल्यांदाच ते बाद फेरीतही पोचले नाहीत. सॅम जोन्सही गेला होता हे खरं, पण वहीत ज्याच्या नावासमोर ९.९ गुण लिहिले होते त्याच्या जाण्याने प्रामुख्याने हे झालं, असंच मी मानतो.

असं न सांगता निघून जाण्यामागे बॉस्टनचा वाटा होता. हे लिहिताना आमच्या बॉस्टनकरांना वाईट वाटेल, पण इतिहास आहे तो आहे. ज्या शहरासाठी त्याने अकरा विजेतेपदं आणली, त्या शहरात सेल्टिक्सच्या सामन्यांना कितीतरी संध्याकाळी खुर्च्या रिकाम्या राहायच्या, आणि त्याच बॉस्टन गार्डनमध्ये गोऱ्या खेळाडूंच्या आइस हॉकीला मात्र गर्दी. रसेल बॉस्टनच्या उत्तरेला रेडिंग नावाच्या गावात राहायचा. एकदा कुटुंब बाहेरगावी गेलं असताना घर फोडलं गेलं. भिंतींवर वंशद्वेषाच्या शिव्या लिहिल्या, चषक फोडले, अंथरुणात घाण केली. हे त्याच्या मुलीने, कॅरनने, मोठेपणी वर्तमानपत्रात लिहिलं, १९८७ साली. त्याच गावात तो दुसरं घर घ्यायला निघाला तर तिथले लोक विरोधाचा अर्ज घेऊन उभे राहिले.

तोही काही गप्प बसणारा नव्हता. १९६१ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला प्रदर्शनीय सामना होता. हॉटेलातल्या उपाहारगृहाने त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना वाढायला नकार दिला, तेव्हा ते सगळे सामना न खेळता परत फिरले. १९६७ मध्ये मुहम्मद अलीने सैन्यात जायला नकार दिला, त्या वेळी क्लीव्हलँडला जाऊन जाहीरपणे त्याच्या बाजूने बसलेल्यांत रसेल होता. चाहत्यांना तो सही देत नसे. कुणी मागितलीच तर म्हणे, बसू, बोलू, हात मिळवू. लोकांना हा माज वाटायचा. सेल्टिक्स संघाची गोष्ट मात्र वेगळी, हे त्याने स्वतः अनेकदा स्पष्ट केलं. मी सेल्टिक्ससाठी खेळलो, बॉस्टनसाठी नाही, असंच त्याचं म्हणणं. संघाचे मालक वॉल्टर ब्राउन यांनी १९५० साली चक कूपर या कृष्णवर्णीय खेळाडूला निवडलं, एनबीएत तसं करणारे ते पहिले. १९६४ च्या डिसेंबरात आउरबाख यांनी पाचही कृष्णवर्णीय खेळाडू एकदम उतरवले, तेही त्या स्पर्धेत पहिल्यांदाच. संघाच्या खोलीत न्याय होता आणि दाराबाहेर नव्हता.

म्हणून १९७२ च्या मार्चमध्ये जेव्हा सेल्टिक्सने त्याचा ६ नंबर सन्मानाने निवृत्त करायचा ठरवला, तेव्हा त्याने अट घातली की प्रेक्षक नकोत. बॉस्टन गार्डनचे दरवाजे बंद असताना, रिकाम्या खुर्च्यांसमोर, फक्त जुने सहकारी आणि आउरबाख यांच्या साक्षीने ते निशाण छताला चढवलं गेलं. त्यानंतर लोकांना आत सोडलं. १९७५ मध्ये स्प्रिंगफिल्डच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली, तिथेही हा गेला नाही. आपल्या आधी चक कूपरसारख्यांचा मान व्हायला हवा होता, हे त्याचं कारण. कूपरची निवड झाली २०१९ मध्ये, आणि मगच रसेलने आपली अंगठी घेतली. चव्वेचाळीस वर्षं! हट्ट म्हणावा तर असा.

शहरही हळूहळू बदललं. १९९९ मध्ये बॉस्टनला पुन्हा सोहळा झाला, या वेळी भरगच्च प्रेक्षकांसमोर. लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले आणि तो रडला. २०१३ मध्ये सिटी हॉलसमोरच्या चौकात त्याचा पुतळा उभा राहिला. २०१८ साली आम्ही नातवाकडे होतो तेव्हा तो मुद्दाम पाहून आलो. पुतळ्यात रसेल कड्याकडे उडी मारत नाहीये की चेंडू अडवत नाहीये. चेंडू दुसऱ्याला द्यायच्या पवित्र्यात उभा आहे. सौ. म्हणाली, "एवढ्या उंच माणसाने चेंडू देऊन का टाकायचा?" नातवाने तिला सगळा खेळ समजावून सांगितला, तेवढ्यात मी पाय मोकळे केले.

३१ जुलै २०२२ ला रसेल गेला, ८८ व्या वर्षी. त्यानंतर एनबीएने ६ हा नंबर सगळ्याच संघांत कायमचा निवृत्त केला. असा मान त्याआधी तिथे कुणालाच मिळाला नव्हता.

आणखी एक राहिलंच. १९६९ मध्ये सुरू झालेला तो अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जो त्या पहिल्या वर्षी वेस्टला मिळाला, त्याला २००९ पासून बिल रसेलचं नाव आहे. स्वतः रसेलला तो कधी मिळाला नाही. त्याच्या कारकिर्दीत तो दिला गेला एकदाच, आणि त्या एका वेळी तो हरलेल्या वेस्टकडे गेला.